बोल्टावरची पिवळी रेघ

रश्मी, ये वं बाई, अशी जवळ येऊन बस. दारातूनच हेल्मेट हातात घेऊन "आत्या, उशीर होऊन राहिला" म्हणू नको. फोन केला की तू मला दोन वाक्यांत निपटवतेस... "जेवली का आत्या, गोळ्या घेतल्या का आत्या, बरं ठेवते." अगं, मी काय दवाखान्यातली पेशंट आहे का, की विचारपूस केली आणि पुढच्या खाटेकडे गेली? म्हणून शेवटी ठरवलं की रविवारच्या या पुरवणीतच तुला गाठायचं. तू वाचतेस, मला माहीत आहे. शब्दकोडं सोडवायची सवय तुझ्या बाबानेच लावली तुला, पेपर आला की तू पहिल्यांदा तेच पान उघडतेस. आज शब्दकोड्याच्या आधी हे वाच. इथे तुला मधेच "ठेवते" म्हणता येणार नाही.

आणि बाकीचे वाचणारे, तुम्हीही सरकून बसा. ही रश्मी माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची एकुलती मुलगी. भाऊ सुधाकर, तो गेला त्याला आता काही आठवडे झाले. त्याच्याबद्दल लिहा असं पुरवणीच्या ताईंनी म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई, वाचायची गोडी लागली ती वाण्याच्या पुड्या सोडवून त्यांचे कागद वाचता वाचता. पण मग रश्मीचा डावा बूट मधे आला आणि लिहिणं भाग पडलं. बुटाचं सांगते पुढे. सगळं क्रमाने सांगू द्या, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

सुधाकर दर रविवारी कोराडीहून माझ्याकडे प्रताप नगरला यायचा, त्याच्या जुन्या काळ्या मोटरसायकलवर. त्या रविवारी मी सांबारवडीचं, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीचं, सारण करून वड्या भरून ठेवल्या होत्या. तळायच्या तेवढ्या बाकी, कारण गाडी फाटकात वळली की कढई ठेवायची हा आमचा नेम. पोर्चमध्ये पुठ्ठा अंथरून झाला होता. गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. आवाज आला तो फोनचा. शोभा, म्हणजे रश्मीची आई, बोलत होती आणि मला एवढंच कळत होतं की ती शोभा आहे. रोजच्यासारखी सकाळी गाडी तपासून सुधाकर उठला, हात पुसायला फडकं घेतलं आणि ओट्यावर टेकला. शोभा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा फडकं मांडीवर होतं, डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि तो नव्हता... भरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी उचलून फेकल्या असतील. मला आठवत नाही.

तो वीज केंद्रात मेंटेनन्सला होता. सगळी नोकरी थरथरणाऱ्या यंत्रांमध्ये गेली. बोल्टावर रेघ ओढायचं तो तिथेच शिकला आणि घरच्या गाडीला लावलं. ते असं करायचं. बोल्ट नीट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खाली इंजिनाच्या झाकणापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक, सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. मग पाना लावून पाहायची गरज नाही, नुसत्या डोळ्याला दिसतं. रंग ठेवायला त्याने रश्मीची संपलेली नेलपॉलिशची बाटली धुऊन घेतली होती, कारण तिच्या झाकणाला आपसूक बारीक ब्रश असतो. एवढा मोठा माणूस उकिडवा बसून गाडीला नेलपॉलिश लावतो आहे असं वाटायचं. मी म्हणायची, "काहून गा सुधाकर, बायकोकडे इतकं बारीक पाह्यलं का कधी?" तर शोभा आतून ओरडायची, "ते कायले पायतीन बाई, माझे बोल्ट ढिले नाई होत!"

पुठ्ठ्याचंही तसंच. माझ्या पोर्चमध्ये गाडी लागली की खाली पुठ्ठा. जेवण, गप्पा, त्याची डुलकी झाली की निघताना पहिल्यांदा तो पुठ्ठा ओढून उजेडात धरायचा. एक थेंब जरी दिसला तर चेहरा असा व्हायचा, जसा घरात कोणाला ताप आला आहे. मग थेंब इंजिनाच्या कोणत्या जागेखाली पडला ते पुठ्ठा परत ठेवून मोजायचा. कोराडीत तर त्याने वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेलाही कामाला लावलं होतं. तिथे राख कशावर बसत नाही? दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तुळशीवर बसते, जिन्याच्या कठड्यावर बसते. सुधाकर इंजिन धुऊन कोरडं करायचा आणि कॉलनीला एक चक्कर मारून यायचा. जिथे तेल पाझरत असेल तिथे राख चिकटून काळी लकेर उमटायची. "पाय बाई, फुकटची तपासणी," म्हणायचा. शोभा म्हणायची, घरातले बाकीचे लोक त्या राखेला शिव्या देतात आणि हा माणूस तिचे आभार मानतो.

ढिलं राहू द्यायचा नाही तसा तो फार आवळायचाही नाही. हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, ढिलं होतं तर दाबून आवळा, विषय संपला. माझ्या शेजारच्या काकांचंही तेच मत. त्यांनी एकदा स्कूटरचं तेल बदलताना पान्याला लोखंडी पाईप लावून बोल्ट असा फिरवला की आतले आटेच गेले, आणि मग तेल थांबेना. सुधाकर तिथे उभा होता. म्हणाला, "काका, तो बोल्ट आहे, दुश्मन नाही." त्याच्याकडे एक वेगळा पाना होता, हवा तेवढा जोर झाला की कट्ट वाजायचा. कट्ट झालं की थांबायचं. झाकणाचे बोल्ट एकामागून एक ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे करून, म्हणजे झाकण वाकडं बसत नाही. झाकण उघडलं तर मधलं पॅकिंग नवं टाकायचं, तेल काढायच्या बोल्टाखालचं तांब्याचं वायसरही नवं. आणि नवं पॅकिंग टाकलं की चार दिवस गाडी चालवून सगळे बोल्ट परत एकदा पाहायचे, कारण पॅकिंग दबून बसतं आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. इतकं मला कसं माहीत विचारता? अहो, वर्षानुवर्षं दर रविवारी तो खाली बसून बोलायचा आणि मी पायरीवर लसूण सोलत ऐकायची. ऐकून ऐकून लसणासारखंच सोललं गेलं सगळं.

आता त्या दसऱ्याचं सांगते. शोभाला विचारूनच लिहिते आहे. रश्मी, तू तेव्हा शाळेत होतीस, तुला त्यातलं झेंडूचं तोरण आणि नवा फ्रॉक एवढंच आठवत असेल. मी सणाला कोराडीला आले होते. शोभाने सकाळी उठून गाडी धुतली. नवऱ्याची इतकी जिवाची गाडी, तर पूजेआधी ती चकचकीत दिसावी म्हणून बिचारीने घासलेटात फडकं बुडवून इंजिनाचा कोपरा न् कोपरा पुसून काढला. राख गेली, वंगण गेलं आणि त्याबरोबर सगळ्या पिवळ्या रेघाही गेल्या. वर हळदीकुंकवाची बोटं, हँडलला हार. सुधाकर अंघोळ करून बाहेर आला आणि गाडीकडे पाहून क्षणभर थबकला. मी पाहिलं ते. पण शोभा इतक्या आनंदाने उभी होती की तो एवढंच म्हणाला, "वा, नवीनच दिसून राहिली." त्याच आठवड्यात त्याने डाव्या बाजूच्या झाकणाचं पॅकिंग नवं टाकलं होतं. बोल्ट परत पाहायचे ते नेमके त्या दिवशी. जेवण झालं की पाना घेऊन बसतो, असं तो माझ्याजवळ बोललाही होता.

जेवायचं राहिलंच. पानं वाढली आणि काटोलहून आमच्या चुलतभावाचा फोन आला. आई संत्र्याच्या बागेत घसरून पडली, उठवत नाही, आणि तुम्हा दोघांची नावं घेऊन राहिली आहे. आमची आई म्हणजे... तिला कधी कोणी "ये" असं म्हणताना ऐकलं नव्हतं. यायचं तर या, नाहीतर बसा तिकडे, अशी तिची तऱ्हा. ती नावं घेते म्हटल्यावर आम्ही दोघंही पानावरून उठलो. सणामुळे त्या वेळेला बस नव्हती. सुधाकरने गाडी काढली, मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले आणि आम्ही निघालो. निघताना त्याने खाली वाकून इंजिनाकडे एकदा पाहिलं. पाना काढायला हात डिक्कीकडे गेला होता. मीच म्हटलं, "चाल ना गा लवकर!" आणि तो निघाला.

कळमेश्वर मागे पडलं. रस्त्यावर संत्र्याचे ट्रक आणि सणाला गावी निघालेले लोक. मी मनात आईशीच बोलत होते, थांब, येतोच आहे. आणि माझ्या डाव्या पायाला काहीतरी कोमट लागलं. वाटलं, चिखलाचं पाणी उडालं. मग परत. मग पायाची बोटं चपलेत बुळबुळीत झाली. वाकून पाहिलं तर नव्या साडीचा काठ काळा झालेला, पावलावर तेल, आणि ते तेल मागच्या चाकाकडे उडत होतं. मी ओरडले. वाऱ्यात त्याला ऐकू जाईना, पुढे एक ट्रक अगदी जवळ. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. त्याच वेळी मागचं चाक असं सरकलं, जसं कोणी खालून सतरंजी ओढावी. एक क्षण आमची गाडी सरळ नव्हती, एवढंच मला कळलं. दुसऱ्या कोणी ब्रेक दाबला असता. सुधाकरने ब्रेकला हातच लावला नाही, नुसता अॅक्सिलरेटर सोडला, गाडीला तिच्या मनाने हळू होऊ दिलं आणि रस्त्याच्या कडेला मातीत आणून थांबवली. मागून येणारी जीप हॉर्न वाजवत आमच्या कानावरून गेली.

डाव्या झाकणाचा खालचा बोल्ट पडून गेला होता. शेजारचे दोन नुसत्या बोटांनी फिरत होते. त्यांच्यावर हळदीकुंकू तसंच होतं.

त्याने मला दूर बाभळीखाली बसवलं आणि स्वतः गाडीजवळ जाऊन उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, नुसता. एक मिनिट गेलं, पाच गेली. मी तेलाने बुळबुळीत चपलेत लंगडत त्याच्याजवळ गेले. "काहून बसला गा असा? आवळ आन् चाल!" तो म्हणाला, "इंजिन थंड होऊ दे, बाई." त्या वेळी मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू! आई तिकडे जमिनीवर पडलेली, दिवस कलत चाललेला आणि हा लोखंड थंड व्हायची वाट पाहतो. मी नको नको ते बोलले. तुझी गाडी तुझ्या आईपेक्षा मोठी झाली का, इथपर्यंत बोलले. त्याने मान वर केली. त्याचे डोळे मी पाहिले. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. म्हणाला, "बाई, तापल्या इंजिनात आवळला तं अंदाज चुकते. आटे गेले तं मंग आपण आईकडे बी नाई पोचत अन् घरी बी नाई. अन् ह्या चाकावर तुले बसवून मी असा नेऊ काय? आईले काय सांगू मंग?" आणि परत इंजिनाकडे पाहत बसला. मीही मग खाली बसले त्याच्याशेजारी. येणारी-जाणारी वाहनं आमच्याकडे पाहून जात होती. दसऱ्याचे दोन नटलेले वेडे रस्त्याच्या कडेला गाडीपुढे बसलेले, पूजेला बसावं तसे.

झाकणावर हात ठेवता येऊ लागला तेव्हा तो उठला. चेनच्या कव्हरचा एक तेवढ्याच मापाचा बोल्ट काढून त्याने पडलेल्याच्या जागी बसवला. कव्हर एका बोल्टावर काटोलपर्यंत जाईल, इंजिनातलं तेल जाणार नाही, असा त्याचा हिशेब. बसवण्याआधी बोल्टाचे आटे पुसले, भोकही पुसलं. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून आवळले, हातात साधाच पाना, पण मनगट कट्ट झाल्यासारखं थांबायचं. डिक्कीत तेलाची अर्धी बाटली असायचीच, ती ओतली. मग अंगातला दसऱ्याचा नवा सदरा काढला आणि त्याने नि कोरड्या मातीने मागचं चाक चोळचोळून पुसलं. बनियनवर गाडी चालवत नेली त्याने, हळू, अगदी सायकलसारखी. मी पूर्ण रस्ताभर माझा डावा पाय पाहत होते. कोरडा होता. कोरडाच राहिला.

आई खाटेवर होती, मनगट मोडलं होतं, कंबर शाबूत. आम्हाला पाहून म्हणाली, "आले का सोनं वाटाले? अन् तू काहून असा उघडा-नागडा आला गा?" मी रडायला लागले, तर सुधाकर हसायला लागला, आणि मग दोघंही दोन्ही करायला लागलो.

परत आल्यावर त्याने शोभाला काहीच सांगितलं नाही. सदरा कुठे गेला तर म्हणे काट्यात फाटला. मला डोळ्याने खुणावलं, चूप. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र तो स्वतःच घासलेट आणि फडकं घेऊन बसला. शोभा पुढे आली तर म्हणाला, "हार तू घाल, टाकी तू पूस. इंजिनाले मी पुसतो." शोभा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. हुशार बाई, काहीही न विचारता सगळं समजली, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. तेव्हापासून त्याचा नेमच झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिनावरच्या सगळ्या रेघा त्याने स्वतःच्या हाताने पुसायच्या, एकेक बोल्ट पाहायचा, आणि दसऱ्याला पूजा झाल्यावर पुन्हा नव्या रेघा ओढायच्या. आधी रेघ, मग आपट्याचं पान माझ्या हातात. रश्मी, हे तू पाहिलेलं आहेस. टॉर्च तूच धरायचीस.

आता त्या दिवसाकडे येते, ज्या दिवसापासून तू माझ्याकडे आली नाहीस. बाबा गेल्यावर तू त्याची गाडी चालवायला लागलीस. चांगलं केलंस. काटोलच्या लॅबमध्ये तुझी नोकरी, सकाळी लवकर पोचायचं, बसच्या वेळा जुळत नाहीत. आणि ती गाडी नुसती उभी राहिली असती तर मला पाहवलं नसतं. तू आलीस, पोर्चमध्ये लावलीस, मी सवयीने पुठ्ठा सरकवला. गप्पा झाल्या, तू निघालीस आणि मी पुठ्ठा ओढला. थेंब होते... एक नव्हे, पाच-सहा, एकमेकांत मिसळलेले. मी टॉर्च आणून वाकून पाहिलं. हा गुडघा कसा दुमडला तो देवाला माहीत. डाव्या झाकणाच्या खालच्या बोल्टावरची रेघ तुटलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. मी म्हटलं, "रश्मी, हे पाय वं. आवळून घे बाई." तू म्हणालीस, "एक बोल्ट आवळून नाही भागणार आत्या. पॅकिंग गेलंय. झाकण उघडावं लागेल." म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "मंग उघड." तू गाडीच्या त्या बाजूला हात ठेवलास, अगदी हलका, आणि म्हणालीस, "उघडलं तर सगळ्या रेघा जातील. बाबांच्या हातच्या आहेत." आणि मी काही बोलायच्या आत किक मारून निघून गेलीस.

 आपल्या माणसाच्या हातचं पुसायचं कसं, हे मला तरी कुठे माहीत आहे? त्याने चहा प्यायलेला कप मी अजून वेगळा ठेवला आहे. पण कपावर बसून कोणी काटोलच्या रस्त्याला जात नाही, रश्मी.

तेव्हापासून माझ्या संध्याकाळी कशा जातात ते तुला सांगितलं नाही. तू सुटायची वेळ झाली की माझं कशात लक्ष राहत नाही. पोळी तव्यावर जळते. रस्त्यावर कुठे जोरात ब्रेक लागला की मी खिडकीत. तुझ्या आईला फोन करावा तर तीही तशीच बसलेली असणार, माझ्या फोनने दचकेल, म्हणून करत नाही. मग ती मला करते, "पोचली बाई," आणि आम्ही दोघी ठेवून देतो. मागच्या आठवड्यात मात्र तिने ठेवला नाही. म्हणाली, "बाई, रश्मीचा बूट धुवाले घेतला. डावा. त्याच्यावर तेलाचे शिंतोडे हायेत. उजवा कोरडा आहे."  त्या दसऱ्याच्या रस्त्याचं मी तिला पुढे सांगितलं होतं, त्यामुळे तिला माहीत होतं मला काय आठवलं असेल. मला माझ्या पायावरचं ते कोमट कोमट पुन्हा जाणवलं, इथे, घरात, खुर्चीवर बसल्या बसल्या...

म्हणून लिहिते आहे. ऐक आता. त्या रेघा तुझ्या बाबाने ठेवायसाठी ओढल्या नव्हत्या. तुटल्या तर दिसाव्यात म्हणून ओढल्या होत्या. एक तुटली आहे, तुला दिसली आहे, मलाही दिसली आहे. तो दाण्याएवढा फरक म्हणजे तुझा बाबा तुला हाक मारतो आहे, आणि तू हाक जपून ठेवायची म्हणून ओ देत नाहीस. आणि कोणत्या रेघा जपतेस वं तू? गेल्या दसऱ्याच्या. आदल्या सगळ्या वर्षांच्या त्याने स्वतःच पुसल्या, एकही ठेवली नाही, घासलेटचं फडकं मारताना हात कधी अडला नाही त्याचा. दसरा तोंडावर आला आहे. तो असता तर याही पुसल्या असत्या, आणि टॉर्च तुझ्या हातात दिला असता. रस्त्याच्या कडेला इंजिन थंड व्हायची वाट पाहत बसलेला तुझा बाबा मी पाहिला आहे. मला चाकावरून पडू द्यायचं नाही म्हणून त्याने आईला ताटकळत ठेवलं होतं. तुला त्या चाकावर बसलेलं पाहून तो काय म्हणेल, याचा विचार कर.

आता राग सोड आणि मी सांगते तसं कर. गाडी कोराडीलाच राहू दे. दोन-चार दिवस लॅबला बसने जा, उशीर झाला तर होऊ दे, बोलणी मी खाईन तुझी. आणि आधी एकदा बसनेच माझ्याकडे ये. काहून, तेही सांगते. तुझी नेलपॉलिशची बाटली, त्याच्या पिवळ्या रंगाची, घरभर शोधून तुला सापडली नसेल. ती माझ्याकडे आहे. शेवटच्या वेळी आला तेव्हा एका बोल्टावरची रेघ फिकी झाली म्हणून इथेच ओढली त्याने, आणि बाटली माझ्या खिडकीत विसरला. हो, तोसुद्धा विसरायचा. तेव्हापासून मी ती रोज सकाळी हातात घेऊन हलवते. रंग खाली बसतो आणि वर पाणीच पाणी दिसतं, मग हलवलं की पिवळा सगळीकडे पसरतो. अजून पातळ आहे. ब्रशही मऊ आहे. पण झाकणाशी थोडा थोडा वाळायला लागला आहे, आणि माझ्या हलवण्याने तो किती दिवस टिकेल ते मला सांगता येत नाही.

बाटली घेऊन जा, झाकण उघड, नवं पॅकिंग टाक, चार दिवसांनी बोल्ट परत पाहा, आणि तुझ्या हाताने रेघा ओढ. वाकड्या आल्या तरी चालतील. मग दसऱ्याला गाडीवर ये. सारण करून ठेवते, वड्या तू फाटकात वळलीस की तळायला घेईन. पोर्चमध्ये जुना पुठ्ठा काढून नवा अंथरला आहे, कोराच आहे अजून. ये वं बाई, लवकर ये.